‘इंद्रधनुष’ परत आणा, पण आधी मूळ टेप वाचवा : प्रसार भारतीला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि संचालक मंडळ,
प्रसार भारती, नवी दिल्ली

विषय : दूरदर्शनच्या जुन्या विज्ञानकथा मालिका, विशेषतः ‘इंद्रधनुष’ (१९८९), मूळ स्वरूपात पुन्हा उपलब्ध करण्याबाबत

सन्माननीय महोदय,

जुन्या विज्ञानकथा मालिका परत आणण्याच्या गोष्टी अलीकडे पुन्हा पुन्हा कानावर पडतात. ‘कॅप्टन व्योम’ नव्या रूपात येणार अशी घोषणा काही वर्षांपूर्वी झाली. ‘स्पेस सिटी सिग्मा’चं नाव काढलं की पन्नाशीला टेकलेली माणसं त्यातल्या कॅप्टन तारा आणि खलनायक झकाकूबद्दल तावातावाने बोलायला लागतात. नवे कलाकार, नवे स्पेशल इफेक्ट्स घेऊन कुणी या मालिका पुन्हा काढणार असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण माझी विनंती त्याच्या आधीची आहे. मूळ मालिकांच्या टेप शोधा, त्या चालतात तोवर डिजिटल उतरवून घ्या आणि सगळे भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लोकांना पाहायला द्या. सुरुवात ‘इंद्रधनुष’पासून करा.

‘इंद्रधनुष’ १९८९ सालची. दिग्दर्शक आनंद महेंद्रू. गिरीश कर्नाडांसारखा कसलेला नट त्यात होता. करण जोहर, ऊर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर ही पुढे मोठी झालेली मंडळीही त्यात होती. आज मालिकेची आठवण निघते ती बहुतेक या नावांमुळेच, ‘बघा, करण जोहर तेव्हा कसा दिसायचा’ एवढ्यापुरती. मला ते खटकतं. त्या मालिकेचं मोठेपण तिच्या गोष्टीत होतं. काही पोरं मिळून एक कॉम्प्युटर जोडतात आणि अँड्रोमेडाचा, म्हणजे आपल्या देवयानी दीर्घिकेचा, एक राजपुत्र त्या कॉम्प्युटरमध्ये येऊन राहतो.

१९८९ साली कोल्हापुरात कॉम्प्युटर म्हणजे काय होतं हे आठवून पाहावं लागेल. तो एसी खोलीत असायचा, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि आमच्यासारख्या गल्लीतल्या पोरांनी तो बघितला होता तो काचेपलीकडून. हात लावायची तर बातच नाही. अशा वेळी टीव्हीवर आमच्याच वयाची, आपल्यासारखी बोलणारी पोरं स्वतः कॉम्प्युटर जोडत होती. परग्रहावरचा पाहुणा तोवर अमेरिकेत उतरायचा, इथे तो आपल्या देशातल्या पोरांच्या खोलीत आला. त्यानंतर घरचा रेडिओ उघडून बघावासा वाटला नाही असं पोरगं आमच्या गल्लीत नव्हतं. मी सोल्डरिंगचं काम शिकलो, त्याच कामावर आजवर घर चाललं. त्याचं बरंचसं श्रेय मी या मालिकेला देतो.

मराठी वाचकांची मनं या गोष्टीसाठी आधीच तयार झाली होती, हेही सांगायला हवं. याच कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जयंत नारळीकरांचा जन्म झाला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली, तिला बक्षीस मिळालं आणि मराठीत विज्ञानकथा घराघरांत पोचायला लागली. वाचनालयातल्या त्या कथा आणि दूरदर्शनवरची ही मालिका, दोन्ही एकाच पिढीने एकाच वयात अनुभवल्या. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांची पुस्तकं आज कुठल्याही दुकानात मिळतात. मालिका मात्र मला आजवर एकदाही सलग पाहायला मिळालेली नाही.

आता माझ्या कामाबद्दल, कारण या पत्रामागे तेच आहे. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी मी डिजिटल करून देतो. कोल्हापूरचा पाऊस आणि घरांचे माळे यांनी या कॅसेटींचं काय केलंय ते मी रोज बघतो. कॅसेटचे पाच स्क्रू काढून झाकण उघडलं की रिळाच्या कडेवर पांढरी वर्तुळं दिसतात. ती बुरशी. तशीच कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर टेप वाचणारं हेड चोक होतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या चांगल्या कॅसेटलाही ती बुरशी लागते. म्हणून आधी तोंडाला मास्क लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडावरून अख्खी टेप हळूहळू फिरवायची. मग ती कडक झालेली असेल, कडा दुमडलेली असेल, तर तेवढा तुकडा बोटांनी सरळ करत बसायचं. एका कॅसेटला कधी कधी सबंध दिवस जातो.

मागे कागलहून एक कॅसेट आली, लग्नाची, १९८९च्या उन्हाळ्यातली. हळद, मंगलाष्टका, पंगती, मुलीची पाठवणी, सगळं नीट उतरलं. त्यानंतर पडद्यावर मुंग्या आल्या. मी मशीन बंद करणार तेवढ्यात मुंग्यांतून दूरदर्शन उमटलं. लग्न संपल्यावर कॅसेटवर जागा उरली होती आणि त्या घरातल्या कुणीतरी तेवढ्या जागेत टीव्हीवरचं रेकॉर्ड केलं होतं. ‘इंद्रधनुष’! भागाची सुरुवात नाही, शेवट नाही. रंग फुटलेले, खालच्या बाजूला चित्र वाकडं झालेलं, आवाज मध्येच पाण्यात बुडाल्यासारखा, आणि मधोमध जाहिराती. कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून बसलेली पोरं मी ओळखली. काही मिनिटांनी टेप संपली, व्हीसीआरने ‘खट्’ केलं आणि कॅसेट आपोआप मागे फिरायला लागली.

गिऱ्हाईक म्हणालं, ‘ते शेवटचं काढून टाका, आम्हाला लग्नच पाहिजे.’ मी लग्न वेगळं करून दिलं, तेवढा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये त्यांनाच दिला आणि हात जोडून सांगितलं की कॅसेट भंगारात घालू नका. त्यांनी ऐकलं. पण अशा कॅसेटी दर दिवाळीच्या साफसफाईत पोत्यांनी भंगारात जातात. डॉक्टरकडे पेशंट उशिरा आणतात तशी लोकं माझ्याकडे कॅसेट उशिरा आणतात.

घरातल्या अर्ध्या इंचाच्या व्हीएचएसची ही गत असेल, तर दूरदर्शनच्या आणि निर्मात्यांच्या गोदामातल्या टेपचं काय झालं असेल याची मला काळजी वाटते. टीव्ही केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या त्या टेप, पाऊण इंची यू-मॅटिक असोत की बीटाकॅम, तत्त्वाने याच जातीच्या आहेत. चुंबकीय भुकटी टेपला धरून ठेवणारं जे बाइंडर असतं, ते वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषून घेतं आणि चिकट होतं. टेप मशीनवर चढवली की तपकिरी भुकटी हेडवर खरवडून निघते, आणि त्या भुकटीतच चित्र असतं. अशी टेप साधारण ५० अंश सेल्सियसला कित्येक तास मंद शेकली तर काही दिवसांपुरती चालते, तेवढ्यात ती उतरवून घ्यायची. हे जगभर केलं जातं, आपल्याकडेही करता येतं.

वेळ मात्र संपत आली आहे. सोनीने बीटाकॅम टेपची विक्री मार्च २०१६ मध्ये थांबवली. व्हीएचएसचा व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने त्याच वर्षी जुलैमध्ये उत्पादन बंद केलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की २०२५पर्यंत जे टेपवरून उतरलं नाही ते बहुधा कायमचं जाईल. ती मुदत उलटून गेली. आज जी मशीन चालू आहेत त्यांचे सुटे भाग दुसरी मशीन मोडून काढावे लागतात, मीही तेच करतो. आणि ती चालवणारे तुमचे जुने इंजिनिअर निवृत्त होऊन गेले आहेत.

यात एक गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. अमेरिकेतली मूळ ‘स्टार ट्रेक’ (१९६६ ते १९६९) फिल्मवर चित्रित झाली होती. म्हणून चाळीस वर्षांनी, २००६ साली, निगेटिव्ह काढून ती नव्यासारखी करता आली. तिच्यानंतरची ‘नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका फिल्मवर चित्रित करून टेपवर संकलित केली होती, तीसुद्धा त्यांनी निगेटिव्हपासून पुन्हा जुळवली. आपल्या ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक दूरदर्शन मालिका थेट व्हिडिओवर झाल्या. त्यांना निगेटिव्ह नाही. टेप हेच मूळ. ती गेली की परत जायला मागे काहीच उरत नाही.

कोल्हापूरला हे कुणी शिकवायला नको. बाबूराव पेंटरांनी या गावात कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० सालचा त्यांचा ‘सैरंध्री’ आज कुणालाच पाहता येत नाही. १९२५चा मूकपट ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम, शेतकऱ्याच्या भूमिकेत होते, त्याबद्दल भारतीय सिनेमाच्या प्रत्येक इतिहासात आदराने लिहिलेलं असतं. तोही नाही. पेंटरांनी स्वतःच १९३६ साली त्याचा बोलपट केला. म्हणजे मूळ दिग्दर्शकानेच पुन्हा बनवलेली आवृत्ती, याहून अस्सल पुनर्निर्मिती ती काय असणार? तरीही मूकपटाची जागा तिने भरून काढली नाही. पहिल्या चित्रपटात काय होतं, लोक का हेलावले, हे आपण आजही वर्णनांवरूनच समजून घेतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून मी रोज जातो. कॅमेऱ्याचं स्मारक आहे आणि कॅमेऱ्याने टिपलेलं गेलं, याची टोचणी या गावातल्या सिनेमावेड्या माणसाला कायम असते. म्हणून ‘नवी आवृत्ती येतेय, मग जुनीचं काय करायचंय?’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

बीबीसीचा अनुभव आपल्यासमोर आहे. त्यांची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. टेप महाग होत्या, पुन्हा दाखवण्याची शक्यता कमी वाटत होती, म्हणून साठच्या दशकातल्या भागांच्या टेप बीबीसीने पुसून टाकल्या आणि त्यातले कितीतरी भाग हरवले. टेप पुसून परत वापरायची पद्धत आपल्याकडेही होती, त्याचा दोष मी आजच्या अधिकाऱ्यांना देत नाही. पुढे काय झालं ते महत्त्वाचं. प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून घेतलेले आवाज त्यांच्या घरांतून बाहेर आले. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या प्रतींचा शोध सुरू झाला, आणि २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ हरवलेले भाग परत मिळाले. ज्यांचा फक्त आवाज उरला होता त्यातल्या काहींना अॅनिमेशनची चित्रं देऊन लोकांसमोर आणलं. १९८९ साली बंद पडलेली ती मालिका २००५ साली नव्याने सुरू झाली आणि जगभर गाजली. जुने भाग जपणारी, शोधणारी माणसं मधल्या वर्षांत टिकून होती, म्हणून नव्याला पाय रोवायला जमीन मिळाली असं मला वाटतं.

पत्रांचं म्हणाल तर ‘स्टार ट्रेक’चं तिसरं वर्ष पत्रांनीच वाचवलं. बिजो ट्रिम्बल आणि त्यांचे पती जॉन यांनी चालवलेल्या मोहिमेत ती मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा ढीग पडला, आणि १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला मालिका चालू राहणार असल्याचं जाहीर करावं लागलं. पुढे १९७६ साली नासाच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळालं, तेही प्रेक्षकांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्रांमुळे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचे नट रिचर्ड हॅच यांनी तर मालिका परत यावी म्हणून पदरचे पैसे घालून एक ट्रेलर बनवला होता. २००३ साली ती आली ती वेगळ्याच कल्पनेतून, आणि हॅच यांनी त्या नव्या मालिकेत दुसरी भूमिका मनापासून केली. असं प्रेम मालिकेवर असू शकतं, आणि ते आपल्याकडेही आहे. २८ मार्च २०२० रोजी तुम्ही ‘रामायण’ पुन्हा सुरू केलंत आणि १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननेच सांगितलं होतं. विज्ञानकथेला तेवढे लोक येणार नाहीत हे उघड आहे. पण जुनं म्हणून लोक पाठ फिरवत नाहीत एवढं त्यातून सिद्ध झालं.

अडचण हक्कांची आहे हे मला ठाऊक आहे. त्या काळात प्रायोजित मालिकांची पद्धत होती. निर्माता मालिका करायचा, प्रायोजक पैसा लावायचा, दूरदर्शन वेळ द्यायचं. त्यामुळे कुठल्या मालिकेवर कुणाचा किती हक्क, हे प्रत्येक वेळी करार काढून बघावं लागतं. करार सापडत नाहीत, निर्मात्याची संस्था बंद पडलेली असते, आणि फाइल तिथेच थांबते. मात्र हिशोब करा. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रफितीवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. १९८९ची मालिका २०४९ संपेपर्यंत कुणालाही हक्कदाराच्या परवानगीशिवाय दाखवता येणार नाही. तोवर टेप टिकणार नाही. म्हणून दाखवण्याचा प्रश्न आणि वाचवण्याचा प्रश्न वेगळे करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. करारावर चर्चा चालू राहू दे, टेप मात्र आजच उतरवून ठेवा.

आणि हे तुमच्या मर्जीवर सोडलेलं कामही नाही. प्रसार भारती कायदा, १९९० याच्या बाराव्या कलमात तुमची कामं सांगितली आहेत. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाकडे खास लक्ष देणं आहे, आणि रेडिओ-दूरचित्रवाणीच्या साहित्याची ग्रंथालयं उभारून सांभाळणं हेही आहे. विज्ञानकथा मालिकेची टेप शोधून जपणं या दोन्हींत बसतं.

करायचं काय, तर सर्वांत आधी एक यादी जाहीर करा. ‘इंद्रधनुष’, ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘कॅप्टन व्योम’ आणि नारळीकरांनी दूरदर्शनसाठी केलेली खगोलशास्त्रावरची ‘ब्रह्मांड’, यांचे किती भाग तुमच्या संग्रहात आहेत, कुठल्या प्रकारच्या टेपवर आहेत, कुठल्या केंद्रात आहेत, त्यातल्या किती चालतात. ही माहिती लपवण्यासारखी नाही, आणि ती बाहेर आली की जे नाही ते शोधायला माणसं आपणहून कामाला लागतील. दिल्लीच्या गोदामात नसलेली एखादी टेप वरळीला, नाहीतर आणखी कुठल्या केंद्राच्या कपाटात चुकीच्या लेबलखाली पडलेली असू शकते. माझ्या दुकानात तर लेबलावर ‘मुंज’ आणि आत क्रिकेट हे नेहमीचंच.

दुसरं, लोकांना जाहीर आवाहन करा. सह्याद्री वाहिनीवर, आकाशवाणीच्या कोल्हापूरसारख्या केंद्रांवर दिवसातून एकदा सांगा की १९८५ ते २००० या काळात घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी असतील तर टाकू नका, आम्हाला दाखवा. कॅसेट देणाऱ्यावर कारवाई होणार नाही हे स्पष्ट लिहून द्या, कारण लोक त्यालाच घाबरतात. भाग सापडला तर श्रेयनामावलीत त्या घराचं नाव घाला. बाकी काही मागत नाही कुणी.

जे भाग नीट आहेत ते तुमच्या ‘वेव्हज’ या ओटीटीवर टाका. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी तुम्ही हे व्यासपीठ सुरू केलंत ते चांगलंच केलंत. पण टाकताना चित्र ताणून रुंद करू नका, चेहरे मेणासारखे गुळगुळीत करू नका, जुन्या शीर्षकगीतावर नवं संगीत चढवू नका. जसं होतं तसं दाखवा. भाग अर्धवट असेल तर अर्धवट दाखवा, आणि कुठला तुकडा नाही ते पडद्यावर लिहा. सोबत मराठी ध्वनी द्या. आजच्या खेड्यातल्या पोराला ती मालिका त्याच्या भाषेत मिळाली तर ती पुन्हा जिवंत झाली असं मी म्हणेन. नवी आवृत्ती ज्यांना काढायची आहे त्यांनीही हे आधी बघावं. कॉम्प्युटर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मग तो स्वतःच्या हाताने जोडण्यातली जी गंमत होती, तिच्या जागी आज काय ठेवायचं, याचा विचार मूळ मालिका समोर असल्याशिवाय होणार नाही.

मी माझ्यापरीने काय करू शकतो तेही लिहितो. कोल्हापूर जिल्ह्यातून अशा ज्या कॅसेटी येतील त्या साफ करून, उतरवून, मूळ कॅसेटसह तुमच्याकडे सोपवायला मी तयार आहे, एक पैसाही न घेता. इचलकरंजी, सांगली, निपाणीकडे हेच काम करणारे माझे ओळखीचे कारागीर आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे, तेही तयार आहेत. आमच्याकडे चालू व्हीसीआर आहेत आणि ते दुरुस्त करणारे हात आहेत. यू-मॅटिकचं मशीन आमच्याकडे नाही, ते तुमच्याकडे आहे. कॅसेटी कुठल्या पत्त्यावर, कोणाच्या नावाने पाठवायच्या आणि त्यांची पोचपावती कोण देणार, एवढं आम्हाला लेखी कळवा. पावसाळा लागायच्या आत कळवलंत तर फार बरं, जूननंतर कॅसेट पोस्टाने पाठवण्यात धोका असतो.

कळावे,

आपला विश्वासू,
कॅसेटी डिजिटल करून देणारा एक कारागीर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी : मा. केंद्रप्रमुख, दूरदर्शन सह्याद्री, वरळी, मुंबई